अकरा खोट्या चिठ्ठ्या

बुरशीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव चांगलं होतं, चारचौघांत सांगण्यासारखं होतं. पण निसर्ग संग्रहालयाच्या बुरशी विभागात बत्तीस वर्षं काढल्यावर ते फक्त हजेरीच्या वहीत उरलं. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे बुरशीबाईच म्हणायचे. पहिली तीन-चार वर्षं बाईंना राग यायचा, मग सवय झाली, आणि पुढे तर फोन उचलून त्या स्वतःच सांगायच्या, "हां, बुरशीबाई बोलतेय." एकदा जावयाच्या तोंडूनही ते नाव निसटलं आणि बिचाऱ्याने जीभ चावली. बाई म्हणाल्या, "चावू नका हो, जेवायचंय अजून."

संग्रहालय म्हटलं की लोकांना खालचा मजला आठवतो. पेंढा भरलेला वाघ, काचेचे डोळे, शाळेच्या सहली, 'हात लावू नये'च्या पाट्या. वरच्या मजल्यावर काय चालतं ते कोणाला ठाऊक नसतं, आणि खरं सांगायचं तर कोणी विचारतही नाही. आसपासच्या डोंगर-रानांत काय उगवतं, काय उडतं, काय सरपटतं याची पाहणी वर्षानुवर्षं इथून चालायची. पक्ष्यांवाले पक्षी मोजायचे, झाडांवाले पानं दाबायचे, आणि कुजक्या लाकडावर, पाचोळ्यात, शेणात जे काही डोकं वर काढतं ते बुरशी विभागाच्या वाट्याला. विभाग म्हणजे जिन्यापासून सगळ्यांत लांबची खोली, चौदा लोखंडी कपाटं, एक मोरी आणि दोन माणसं. एक मॅडम, त्या शास्त्रज्ञ. दुसऱ्या बाई, त्या साहाय्यक. साहाय्यक म्हणजे काय, तर मॅडम टेबलाशी बसून ठरवायच्या की ही कोणती जात, आणि बाई रान तुडवून ती जात टेबलावर आणायच्या.

काम किचकट होतं, पण बाईंचा हात त्याला बसला होता. आळंबी दिसली की आधी तिला हात लावायचा नाही. आधी वही काढायची. रंग लिहायचा, देठाची उंची लिहायची, मग वाकून वास घ्यायचा आणि तोही लिहायचा, कारण वाळल्यावर रंग जातो, वास जातो, आणि आळंबीची एक सुरकुतलेली चिंधी होते. मग सुरीने मुळाशी खणून ती अख्खी उचलायची. संग्रहालयात आल्यावर एक टोपी अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर पालथी ठेवायची. दुसऱ्या दिवशी कागदावर तिच्या बीजांची बारीक भुकटी पडलेली असते, तिचा रंग बघायचा. बाकीची वाळवणीच्या पेटीत. वाळली की कागदी पुडा, आणि पुड्यावर चिठ्ठी. कुठे मिळाली, कधी मिळाली, कोणी आणली.

"चिठ्ठी नसेल तर तो नमुना नाही, केर आहे," असं मॅडम म्हणायच्या, आणि बोलण्यात त्या भीडभाड ठेवत नसत. बाईंचं अक्षर सुरेख, म्हणून चिठ्ठ्या बाईच लिहायच्या. बत्तीस वर्षांत आठ हजार सहाशे चौदा पुडे भरले. त्यातल्या अकरा चिठ्ठ्या खोट्या होत्या.

आता लगेच बाईंवर तोंडसुख घेऊ नका. त्या खोटेपणालाही कारण होतं. बाई नोकरीला लागल्या त्याच्या दुसऱ्याच वर्षी झाडांवाल्यांना एका ओढ्याकाठच्या झाडावर एक दुर्मीळ बांडगूळवजा फूल सापडलं. त्यांनी मोठ्या कौतुकाने पत्ता लिहिला: अमुक ओढा, पुलापासून इतकी पावलं, डाव्या काठाचं तिसरं झाड. संग्रहालयाच्या पत्रिकेत ते छापून आलं. पंधरा दिवसांत तिथे हौशी लोकांची झुंबड उडाली आणि महिन्याच्या आत झाडावर एक फूल राहिलं नाही. फांद्यासुद्धा कापून नेल्या. मॅडमनी कानाला खडा लावला. विभागात अलिखित नियम झाला: साधी जात असेल तर खरा पत्ता. दुर्मीळ असेल तर टेकडी बदलून लिहायची.

"मग खरा पत्ता कुठे लिहायचा?" बाईंनी विचारलं होतं.

"कुठेही नाही. कागदावर आलं की फुटलं. तुझ्या डोक्यात ठेव, माझ्या डोक्यात ठेव. दोन डोकी पुष्कळ झाली."

दोन डोकी पुष्कळ झाली! शिकलेल्या बाईने असं बोलावं म्हणजे कमाल आहे. पण बाईंना त्या वेळी त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट छाती फुगली. शास्त्रज्ञ बाई आपल्याला अर्धा विश्वास वाटून देते आहे, आणखी काय पाहिजे?

त्या अकरांतली सगळ्यांत मोलाची होती ती पेन्सिल. तिला शास्त्रातलं लांबलचक नाव मॅडमनी दिलं, पण विभागात ती पेन्सिलच. इवलीशी पांढरी टोपी, जांभळा देठ, आणि नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचा वास. बाईंना ती एकोणीस वर्षांपूर्वी एकदाच सापडली, एकाच जागी, तीन नग. त्याआधी कोणी पाहिली नव्हती आणि त्यानंतरही नाही. ती जागा म्हणजे बोडकी टेकडी. गावाकडून पाहिलं तर नुसता काळा खडक, म्हणून बोडकी. पण पलीकडच्या अंगाला साठ-सत्तर पावलांची एक घळ होती, आत दाट झाडी, पाचोळा गुडघाभर. चिठ्ठीवर मात्र बाईंनी लिहिलं: पाण्याच्या टाकीची टेकडी. मॅडमनी वाचलं आणि मान डोलावली.

पुढे मॅडम गेल्या. अचानकच गेल्या, दुपारी चहा पिताना. आता खरे पत्ते एकाच डोक्यात राहिले, आणि ते डोकं दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन घरी बसलं.

घरी यजमान होते. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, आळीत सगळे घड्याळजीच म्हणायचे. स्वभावाने थट्टेखोर, गुडघ्यांनी कामातून गेलेले. लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात. दोघांचं बरं चाललं होतं. मग पावसाळा निम्मा सरला असताना संग्रहालयातून फोन आला. नगरपालिकेला रस्त्यासाठी खडी हवी होती आणि त्यासाठी बोडकी टेकडी फोडायची ठरत होती. नियम असा की फोडण्याआधी टेकडीवर काय आहे याची पाहणी व्हावी, आणि पाहणी संग्रहालयाकडे आली होती. विभागात नवे साहेब होते, त्यांना वाटा ठाऊक नव्हत्या. बाई चार दिवस बरोबर येतील का?

बोडकी म्हटल्यावर बाईंना आधी ती घळ आठवली. पण त्यांनी मनाची समजूत घातली: बरं झालं, आपण जाऊ, घळीत नेऊ, पेन्सिल दाखवू, टेकडी वाचेल.

चार दिवस पाहणी झाली. नवे साहेब तरुण, नीटनेटके, बोलायला गोड, कामाला चोख. पक्ष्यांवाले आले, झाडांवाले आले. घळीतला पाचोळा बाईंनी हाताने चाळला, पण पेन्सिल काही दिसली नाही. आळंबीचं असंच असतं. जमिनीखाली जाळं जिवंत असतं, पण वर यायचं की नाही ते तिच्या मनावर. आठवड्याने साहेबांनी यादी वाचायला दिली. झाडं सत्तर, पक्षी एकवीस, बुरशी चौतीस, पुढे इतर. खाली शेरा: "सर्व जाती सर्वसाधारण. जपावे असे विशेष काही नाही." आणि त्याखाली एक ओळ: "या भागातली दुर्मीळ पेन्सिल आळंबी पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर असून तिला या कामाचा धोका नाही."

बाईंनी ती ओळ तीनदा वाचली. आपलंच अक्षर आपल्या अंगावर आलं होतं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "पेन्सिल टाकीच्या टेकडीवर नाही. बोडकीवर आहे. त्या घळीत."

"चिठ्ठीवर तर टाकीची टेकडी आहे."

"चिठ्ठी खोटी आहे."

"कोणी लिहिली?"

"मीच."

मग बाईंनी सगळं सांगितलं. ओढ्याकाठचं झाड, मॅडमचा नियम, दोन डोकी. सांगून झाल्यावर साहेबांनी विचारलं, "अशा किती चिठ्ठ्या आहेत?"

"अकरा."

"कोणत्या अकरा?"

बाई बोटांवर मोजू लागल्या. पेन्सिल एक. नदीकाठची पिवळी दोन. जळक्या खोडावरची तीन. नऊपर्यंत आल्या आणि थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पुन्हा नऊच. कपाळ चोळलं, डोळे मिटले, कपाटांकडे बघितलं. दहावी आणि अकरावी कुठे गेली? होत्या अकरा, ही खात्री. कारण मॅडम प्रत्येक वेळी आकडा मोठ्याने म्हणायच्या. पण त्या दोन कोणत्या, ते काही केल्या आठवेना.

"म्हणजे आठ हजार सहाशे चौदांतल्या दोन खोट्या आहेत आणि त्या कोणत्या ते तुम्हालाही माहीत नाही," साहेब म्हणाले. आवाज चढवला नाही, तेवढंच. "बाई, मग मी एकाही चिठ्ठीवर विश्वास कसा ठेवू?"

"बाकीच्या खऱ्या आहेत हो! देवाशपथ खऱ्या आहेत!"

"हे तुम्ही सांगताय."

माणसाने ओरडावं, भांडावं, तर साहेबांचं चुकत कुठे होतं? हाच तर त्रास होता. समोरचा माणूस वाईट असता तर बाईंनी त्याला शिव्या घालून रात्री निवांत झोप तरी घेतली असती.

दुसऱ्या दिवशी ठरलं. बुरशी विभागाच्या त्या बत्तीस वर्षांच्या सगळ्या पुड्यांवर शिक्का मारायचा: "स्थान विश्वसनीय नाही." शिक्का मारलेला नमुना कोणत्याही पाहणीत, कोणत्याही नकाशात धरायचा नाही. आणि बोडकीचं काय? साहेबांनी तारीख पाहिली. अहवाल द्यायला अठरा दिवस होते. "या अठरा दिवसांत ती मला घळीत जमिनीत उभी दाखवा," ते म्हणाले. "तोडून आणलेली नाही, फोटोतली नाही. उभी. मी स्वतः बघितली तर अहवालात लिहितो, आणि मग खडीवाल्यांना टेकडीला हात लावू देणार नाही. एवढं माझ्या हातात आहे."

"आणि तुम्ही नसलात तर? दुसऱ्या कोणी बघितली तर?"

"घरचं माणूस नको, पायथ्याचा चहावाला नको. विभागाचं माणूस पाहिजे. आणि विभागात आता मी एकटाच आहे."

शिक्के मारायला माणूस नव्हता. एक मुलगा पाठवतो म्हणाले, पण बाईंनी हात जोडले. वाळलेली आळंबी हाताळणं सोपं नाही. जरा दाब पडला की भुगा. "माझे मीच मारते," त्या म्हणाल्या. असा दिनक्रम सुरू झाला. सकाळी बोडकी, दुपारी शिक्के. जांभळ्या शाईची गादी, लाकडी मुठीचा शिक्का, आणि एकेक कपाट. प्रत्येक पुडा उघडून बघायची गरज नव्हती, पण बाई उघडायच्या. ही पाय घसरला त्या दिवशीची. ही लेक तापाने फणफणली होती तेव्हाची, तिला शेजारणीकडे सोडून गेले होते. ही मॅडमनी पहिल्यांदा "शाबास" म्हटलं तिची. मग पुडा मिटायचा आणि धप्प! शिक्का. वास्तविक दहाव्या-अकराव्या चिठ्ठीचा शोधही घ्यायचा होता, पण सगळ्या चिठ्ठ्या एकसारख्याच खऱ्या वाटायच्या. अक्षरच एवढं सुरेख.

लेकीचा फोन आला. "आई, तू कबूल केलंस ना? झालं तर मग. आता सोड. इकडे ये महिनाभर."

"कबूल करून टेकडी वाचते का गं?"

"नाही वाचली तर नाही वाचली. तू एकटीने काय फोडायला घेतलीस?"

"एका अर्थी मीच," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. नंतर स्वयंपाकघरात जाऊन त्या पोटभर रडल्या. घड्याळजींनी ऐकलं, पण ते आत गेले नाहीत. चहा मात्र त्यांनी स्वतः टाकला, आणि साखर घालायला विसरले.

दुसऱ्या दिवसापासून तेही टेकडीवर यायला लागले. बाई नको नको म्हणाल्या, गुडघ्यांची आठवण करून दिली. "गुडघ्यांना किल्ली देऊन ठेवलीय," ते म्हणाले. "एका माणसाला दोन डोळे. दोघं गेलो तर चार. हिशेब सोपा आहे." चढताना मात्र दर वीस पावलांवर थांबायचे आणि निसर्ग बघतोय असं दाखवायचे.

घळीचे त्यांनी दोरी लावून पट्टे पाडले. एकेक पट्टा रोज बघायचा. पहिला दिवस गेला, तिसरा गेला, सातवा गेला. सापडायचं ते सगळं सर्वसाधारण. टेकडीच्या पुढच्या अंगाला खडीवाल्यांनी आधीच चुन्याच्या रेघा ओढल्या होत्या आणि एक पत्र्याची खोली उभी केली होती. पायथ्याचा चहावाला खुशीत होता. कामगार येणार, धंदा वाढणार. "काकू, रोज काय शोधता? अंगठी पडली का?" त्याने विचारलं. "हो," घड्याळजी म्हणाले, "हिची नव्हे, माझी. लग्नातली. फार जड होती." बाईंना हसू आलं नाही. बाराव्या दिवशी पाऊस थांबला आणि पाचोळा वरून सुकायला लागला, तेव्हा तर त्यांनी आशाच सोडली. तरी तेराव्या दिवशी त्या गेल्या. घरी बसून काय करणार?

पंधराव्या दिवशी पुन्हा पाऊस लागला. सतराव्या दिवशी सकाळी साडेनऊला, सातव्या पट्ट्यात, एका मेलेल्या मुळाच्या खोबणीत, घड्याळजींना काहीतरी पांढरं दिसलं. "अगं, हे बटण पडलंय का कोणाचं?" ते म्हणाले.

बाई चिखलात गुडघे टेकून बसल्या. भिंग काढलं. पांढरी टोपी, जांभळा देठ. त्या वाकल्या आणि वास घेतला. मग तशाच वाकून राहिल्या, बराच वेळ.

"काय गं? तीच का?"

"तीच," बाई म्हणाल्या. "अहो, तीच! जिवंत आहे हो ही! पळा, फोन करा!"

घळीत फोनला रेंज नव्हती. घड्याळजी पळाले. म्हणजे पळाले असं आपण म्हणायचं; पायथ्याशी पोचायला त्यांना पाऊण तास लागला, दोनदा पडले. साहेब जागेवर नव्हते. जिल्ह्याच्या बैठकीला गेले होते, जीप त्यांच्याबरोबर. निरोप ठेवला. पुन्हा फोन केला. दुपारी अडीचला साहेब स्वतः बोलले. त्यांच्या आवाजातही आनंद होता, हे घड्याळजींनी नंतर दहादा सांगितलं. पण बैठक संध्याकाळी सुटणार, गाडी तीन तासांच्या वाटेवर. "उद्या उजाडताच पायथ्याशी हजर राहतो," साहेब म्हणाले. "बाईंना सांगा, हात लावू नका."

घड्याळजींनी पुन्हा वर येऊन हे सांगितलं तेव्हा बाईंनी पहिल्यांदाच तो प्रश्न स्वतःला विचारला, जो त्यांनी एकोणीस वर्षांत कधी विचारला नव्हता. ही टिकते किती? काही आळंब्या आठवडाभर उभ्या राहतात, काही दुपारपर्यंत मान टाकतात. पेन्सिल किती राहते? त्यांना माहीत नव्हतं. जगात कोणालाच माहीत नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वी ती दिसली आणि त्यांनी लगेच खणून उचलली. बत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं: दिसली की उचलायची. आठ हजार सहाशे चौदा उचलल्या, आणि एकही जागेवर सोडून तिचं पुढे काय होतं ते बघितलं नव्हतं.

"अगं, तोडून घे," घड्याळजी म्हणाले. "हातात असलेली बरी. पेटीत ठेव. निदान नमुना तरी होईल."

"माझा नमुना," बाई म्हणाल्या. "माझ्या हाताने तोडलेला, माझ्या हाताने चिठ्ठी लिहिलेला. त्यावर काय शिक्का बसणार ते ठाऊक आहे ना?"

"आणि राहिली नाही तर?"

"राहील. देठ बघा केवढा घट्ट आहे. राहील."

संध्याकाळपर्यंत त्या तिथेच बसून होत्या. सुरी पिशवीत होती आणि हाताला सारखी तिची आठवण येत होती. पाच वाजता पुन्हा भुरभुर सुरू झाली. बाईंनी आपली छत्री उघडली, तिचा दांडा मुळाशी रोवला, कडेला दगड लावले, म्हणजे पेन्सिलीवर थेंब पडायला नको. घड्याळजींचा गुडघा एव्हाना नारळाएवढा सुजला होता. अंधार पडायच्या आत दोघं खाली उतरली.

सकाळी सव्वासहाला साहेब आले. शब्दाला जागले, कॅमेरा आणला, मोजपट्टी आणली, बाईंसाठी थर्मासमधून चहासुद्धा आणला. वाटेत म्हणाले, "बाई, ही खरंच निघाली ना, तर तुमच्या पुड्यांचाही मी पुन्हा विचार करायला लावीन वरच्यांना. एक गोष्ट खरी निघाली की बाकीच्यांना वजन येतं." बाईंचे पाय त्या दिवशी जमिनीला लागत नव्हते.

छत्री जागेवर होती, तश्शीच. साहेबांनी वाकून ती बाजूला केली. खाली कोरडी जमीन होती, मुळाची खोबण होती, आणि खोबणीत तीन गोगलगायी होत्या, बिनशंखाच्या, करंगळीएवढ्या, टम्म फुगलेल्या. रात्रभर पाऊस कोसळला होता. त्यातून कोरडा आडोसा शोधत त्या छत्रीखाली आल्या होत्या. पेन्सिलीचा देठसुद्धा शिल्लक नव्हता. नुसती चकचकीत ओली रेघ.

बाई खाली बसल्या. मग बाई एकदम म्हणाल्या, "यांच्या पोटात असेल! साहेब, यांना बाटलीत घ्या, भिंगाखाली बघा, पोटात तिची भुकटी सापडेल! सापडेलच!"

"बाई..." साहेब म्हणाले. "मी नगरपालिकेला काय लिहू? गोगलगायीच्या पोटात आढळली? हसतील हो. आजच दुपारी अहवाल द्यायचा आहे." मग त्यांचा आवाज जरा चिडका झाला, तोही दुःखानेच झाला असावा. "तुम्ही तोडून का नाही आणली? निदान तोडून तरी आणायचीत!"

"आणली असती तर विश्वास ठेवला असता?"

साहेब प्रामाणिक माणूस. त्यांनी खरं तेच सांगितलं. "नाही," ते म्हणाले.

घड्याळजी पाठ फिरवून उभे होते. साहेबांनी मोजपट्टी गुंडाळली. पिशवीतून पाहणीचा कागद काढला, गुडघ्यावर ठेवून भरला. तारीख. वेळ. जागा. जात: पेन्सिल आळंबी. शेरा: प्रत्यक्ष पाहणीत आढळली नाही. खाली नियमाप्रमाणे हजर असलेल्यांची सही लागत होती. घरचं माणूस चालत नव्हतं, म्हणून घड्याळजींची नाही. बाईंनी कागद हातात घेतला आणि वाचायला लागल्या.

"जागा चुकलीय साहेब," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"तुम्ही उत्तरेचा उतार लिहिलाय. हा वायव्येचा. आणि ते मेलेलं मूळ घळीच्या तोंडापासून एकेचाळीस पावलांवर आहे, चाळीस नाही. मी मोजलेली आहेत."

साहेबांनी दोन्ही दुरुस्त केलं. बाईंनी पुन्हा एकदा वरपासून वाचलं. आता सगळं बरोबर होतं. टेकडी बरोबर, उतार बरोबर, पावलं बरोबर, आणि तिथे काही नाही, हेही बरोबर. त्यांनी आपल्या सुरेख अक्षरात सही केली आणि खाली तारीख घातली.